चावीच्या पेटीतली भूपाळी

सोलापुरात लाइट गेल्यावर आनंद होणारी बाई मी एकटीच असेन. एप्रिलच्या दुपारी पंखे थांबले की अख्खं शहर वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडतं. मी मात्र ती दोन-तीन वर्षं फोनकडे डोळे लावून बसायचे. पूर्व भागातल्या एका गल्लीतून मामांचा मिस्ड कॉल आला की समजायचं, त्यांच्याकडची लाइट गेली. मग वही, पेन्सिल, पाण्याची बाटली पिशवीत टाकायची आणि रिक्षावाल्याशी घासाघीस न करता बसायचं. मी घासाघीस न करणं म्हणजे काय, ते आमच्या घरच्यांना विचारा.

त्या गल्लीत घरटी यंत्रमाग आहेत. सकाळपासून खडखडाट चालू. शेजारी बसलेल्या माणसालाही ओरडून सांगावं लागतं, त्यामुळे तिथली माणसं लग्नकार्यातसुद्धा ओरडूनच बोलतात. आणि मी जी वस्तू ऐकायला जायचे तिचा आवाज पैंजणांहून मोठा नव्हता. माग चालू असताना ती वाजली काय आणि न वाजली काय, सारखंच. म्हणून मामांच्या घरात एक रीत पडून गेली होती. लाइट गेली, माग थांबले, की पेटीला चावी द्यायची. मामांच्या वडिलांपासूनची रीत. मध्येच लाइट आली तरी पेटी बंद करायची नाही. ती आपली वाजत राहायची, फक्त कुणाला ऐकू यायची नाही.

मामा म्हणजे माझे कोणी नात्यातले नव्हेत. तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातले, ऐंशीला टेकलेले. जन्मभर चादरींच्या नक्षीचे पुठ्ठे पाडायचं काम केलं. जेकार्डच्या मागावर पुठ्ठ्यांची एक लांबच लांब माळ फिरते. पुठ्ठ्याला जिथं भोक तिथला धागा वर उचलला जातो आणि नक्षी उमटते. ती भोकं कुठं पाडायची हे मामा डोक्यात धरून चालायचे. मामी त्यांच्याहून चार-पाच वर्षांनी लहान, माहेर वळसंगचं. ऐकू कमी यायचं, पण हसू अगदी वेळेवर यायचं.

मी शाळेत संगीत शिकवते. पन्नाशी उलटल्यावर पीएच.डी.चं खूळ डोक्यात शिरलं. माझा प्रश्न साधा होता. आवाज धरून ठेवणारी यंत्रं आपल्याकडे यायच्या आधी, साध्या घरांतली माणसं भूपाळ्या आणि आरत्या नेमक्या गात कशी? चाल कोणती, हे जुन्या वह्यांत सापडतं. पण किती सावकाश गायची, श्वास कुठं घ्यायचा, हरकत कुठं, शेवटचा सूर किती लांबवायचा, हे कुणी लिहून ठेवत नाही. लोकांना विचारावं तर जो तो छातीठोक सांगतो की आमच्या आजीपासून असंच आहे. माणसाच्या गळ्यावर माझा मुळीच विश्वास नव्हता. इतकी वर्षं शाळेत शिकवल्यावर कुणाचा राहील? सोमवारी वर्गाला एक चाल शिकवावी, शुक्रवारपर्यंत तिच्या चाळीस चाली झालेल्या असतात.

अशात माझ्या हार्मोनियमचा भाता बदलायला आलेल्या गृहस्थांनी या पेटीचं सांगितलं. चावी दिली की आपोआप गाणं वाजवते, आणि त्यातलं एक गाणं आपली भूपाळी आहे म्हणाले. मला पहिल्यांदा ते थाप मारतायत असंच वाटलं. तरी गेले. मामांनी फडक्यात गुंडाळलेली हातभर लांब लाकडी पेटी कपाटावरून काढली, आणि झाकण उघडलं तेव्हा मी खाली बसले ती बसलेच.

आत पितळेचा नळा होता आणि त्याच्यावर केसासारखे बारीक पोलादी काटे, हजारोंनी. नळा फिरतो तसे ते काटे एका पोलादी कंगव्याचे दात उचलून सोडतात आणि प्रत्येक दात आपला एक सूर वाजवतो. कडेला नखाएवढा एक पंखा गरगर फिरत असतो. तो हवेला अडतो आणि नळ्याला बेफाम पळू देत नाही. नळा कडेला थोडा सरकवला की काट्यांची दुसरी रांग दातांखाली येते आणि दुसरं गाणं लागतं. सहा गाणी होती. पाच परदेशातली, आणि एक भूपाळी, आपल्या इकडच्या घराघरांत सकाळी म्हणतात तीच. मिलमधल्या कोणा गोऱ्या साहेबानं परत जाताना ती पेटी मामांच्या वडिलांना दिली होती. ते मिलमध्ये मागांची दुरुस्ती करायचे. परदेशातल्या कारागिरापर्यंत आपली भूपाळी कोणी आणि कशी पोचवली, ते देव जाणे.

मला हवं होतं ते हेच होतं. काटा पितळेत एकदा ठोकला की ठोकला. तो आजीचं नाव सांगत नाही, लहर लागली म्हणून हरकत घेत नाही. कोण्या काळच्या कोण्या माणसाचं गाणं तिथं श्वासासकट बसलेलं होतं. मी पहिल्याच दिवशी मामांना विचारलं, हा एवढासा पंखा निघाला तर काय होईल? मामांनी मामींकडे पाहिलं आणि मला म्हणाले, चहा घ्या. मला वाटलं, माग थांबलेले असूनही यांना ऐकू आलं नाही.

त्यानंतर मी जात राहिले. फोनवर पेटी रेकॉर्ड करायची, घरी येऊन सावकाश लावून एकेक सूर वहीत उतरवायचा. चावी पूर्ण दिलेली असली की गाणं घाईत निघतं आणि उतरत आली की रेंगाळतं, तेव्हा मधली फेरी धरायची हे शिकले. मामींचा पाहुणचार वेगळाच होता. त्या शेंगाची चटणी आणि कडक भाकरी पुढ्यात ठेवायच्या, आणि मी रेकॉर्डिंग करत असताना भाकरी मोडली की मामा डोळे वटारायचे. माझ्या एका रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्या ओळीवर कडकन भाकरी मोडल्याचा आवाज आहे. तो माझाच.

आणि त्याच दुसऱ्या ओळीत मला माझा खजिना सापडला. ओळ अर्ध्यावर आली की पेटीतली भूपाळी तीन पायऱ्या वर चढायची आणि त्याच तीन पायऱ्या जशाच्या तशा उलट उतरायची. ग प ध, ध प ग. अशी हरकत मी कुठल्याही वहीत पाहिली नव्हती, कुठल्या गाणाऱ्याकडून ऐकली नव्हती. म्हटलं, एकटी पेटी काय कामाची, जिवंत माणसांतही हे आहे का बघू. गल्लीतल्या तीन बायकांना पेटी न लावता भूपाळी म्हणायला लावली. तिघींनीही त्या जागी तीच हरकत घेतली. कुठं शिकलात, विचारलं, तर तिघींचं उत्तर एकच, लहानपणापासून असंच ऐकत आलोय. त्या रात्री मला आनंदानं झोप आली नाही. यंत्र आणि माणसं, दोन वेगवेगळे पुरावे, एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगत होते.

मी त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. प्रबंधाचा कणाच तो. पुण्याच्या माझ्या मार्गदर्शक बाई एरवी माझ्या पानांवर लाल पेनाचा सडा घालायच्या, त्यांनी या प्रकरणावर फक्त ‘उत्तम’ लिहून पाठवलं. तीन महिन्यांत प्रबंध द्यायचा होता. ज्यांच्या पेटीनं एवढं दिलं त्यांना आधी वाचून दाखवावं म्हणून मी एका दुपारी मामांसमोर बसले आणि ते प्रकरण पहिल्या पानापासून वाचलं. मामी आत भाकरी थापत होत्या. मामा मान हलवत ऐकत होते. त्या हरकतीचं पान आलं आणि मान थांबली. लुप्त झालेल्या गायकीची खूण, असं मी मोठ्या अभिमानानं वाचत होते. वाचून झाल्यावर छान झालंय म्हणाले. त्यांच्या तोंडावरून तरी तसं दिसत नव्हतं.

एरवी मामा उंबऱ्यातूनच निरोप द्यायचे. त्या दिवशी चपला घालून मला रिक्षापर्यंत सोडायला निघाले. लाइट आली होती, माग सुरू झाले होते, आणि त्या खडखडाटात त्यांनी माझ्या कानाशी वाकून जे सांगितलं ते मला दोनदा सांगायला लावावं लागलं.

मामा-मामींच्या लग्नाला दोन महिने झाले होते. मामांचे वडील एका लग्नाला तेलंगणात गेले होते, आठ दिवस यायचे नव्हते. घरात पेटीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावत नसे. नव्या सुनेनं पेटी पुसायला घेतली. त्या पंख्याला मागाचा कापूस अडकला होता, तो तिनं खराट्याच्या काडीनं काढला आणि काडीबरोबर पंखाच निघाला. चावी भरलेली होती. नळा सुटला आणि भन्नाट फिरला, काटे मोडून उडाले. ती इतकी भ्याली की दोन दिवस जेवली नाही. मामांनी तिला सांगितलं, काही मोडलं नाही, नुसती चावी सरकली आहे, आणि पेटी फडक्यात बांधून कारखान्यात नेली. पंखा बसवला. पोलादी तारेचे बारीक तुकडे पाडून, मोडलेल्या काट्यांच्या खुणा पाहत आठ दिवस एकेक नवा काटा बसवला. सगळीकडे खुणा होत्या. एका जागी मात्र नळ्यावर मोकळं होतं, खूणही नव्हती. त्यांना वाटलं, इथले काटे मुळासकट गेले.

“नक्षीत मोकळं कसं ऱ्हाईल, बाई?” मामा म्हणाले. “काठ करताना आमी काय करतो, अर्धा पाडायचा आन् तोच उलटा लावायचा. तसंच केलं की. मला गाण्यातलं काय कळतंय?”

ग प ध, ध प ग. माझी लुप्त झालेली गायकी म्हणजे सोलापुरी चादरीचा काठ होता.

मी रिक्षात बसून आधी मनातल्या मनात त्यांना खूप बोलून घेतलं. आठ दिवस खपले, तर एकदा कुणाला गाऊन दाखवायला सांगायचं होतं. घरात भूपाळी म्हणणारी बायको होती. पण तिला विचारायचं म्हणजे तिला कळू द्यायचं, हे मला घरी पोचल्यावर सुचलं. शेवटी मामांनी एवढंच मागितलं होतं, की हिला कळू देऊ नका. पन्नास वर्षं ती हेच धरून चालली आहे की तिच्या हातून काही मोडलं नाही. तुम्हाला लिहायचं तर लिहा, तुमचं शिक्षणाचं काम आहे, पण मुलगा तिला वाचून दाखवेल आणि मग ती विचारेल, काटे का बदलले.

तरी माझ्यापाशी एक आधार उरला होता, तीन बायका. पेटी खोटी निघाली, पण त्या तर गळ्यानं गात होत्या. चादरवाल्यानं काटे बसवले त्याच जागी, तीच हरकत, तिघींच्या गळ्यात कुठून आली? मला ते सुटेना. पुढच्या खेपेला मामा भजी आणायला कोपऱ्यावर गेले, तेव्हा मी फोन चालू करून मामींसमोर ठेवला आणि मोठ्यानं म्हटलं, मामी, तुम्ही म्हणा भूपाळी, पेटी नको. त्यांनी म्हटली. दुसऱ्या ओळीत तीच हरकत. मी विचारलं, तुमच्या आईनं वळसंगला अशीच शिकवली का?

मामींनी दाराकडे पाहिलं, उठल्या, आणि देवघराच्या फळीवरून कुंकवाचा एक जुना करंडा घेऊन आल्या. आत कुंकू नव्हतं. गंजलेले, केसासारखे बारीक सात-आठ काटे होते.

पंखा निघाला त्या दिवशी केर काढताना तिला ते सापडले होते. काही मोडलं नाही असं नवऱ्यानं सांगितलं तेव्हा काटे पदराच्या गाठीत होते. तिनं गाठ सोडली नाही. आठ दिवसांनी पेटी घरी आली, लाइट गेली, सासऱ्यांनी चावी दिली, आणि दुसऱ्या ओळीत भलतंच वाजलं. सासऱ्यांना गाण्याचा कान नव्हता. पण घरात सून रोज सकाळी तीच भूपाळी म्हणायची. पेटी एक म्हणते आणि सून दुसरं म्हणते, हे आज ना उद्या कुणाच्या तरी ध्यानात आलं असतं.

“मग मीच बदलली की,” मामी म्हणाल्या. “यांनी आठ दिस डोळं फोडून केल्यालं. चुकलंय म्हणू व्हय? दुसऱ्या दिशी सकाळी मी पेटीवानी म्हटलं. हे चूळ भरत व्हते, तितंच थांबले आन् लई खुश झाले. त्यास्नी वाटलं, बरोबर बसलं.”

तेव्हापासून पन्नास वर्षं त्या तशाच गात आल्या. मुली तेच ऐकत मोठ्या झाल्या. शेजारच्या बायका, त्यांच्या लेकी, मामींच्या अंगणात बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरता भरता तेच शिकल्या. माझे दोन स्वतंत्र पुरावे एकाच घरात, एकाच चुलीपाशी तयार झाले होते. मी त्या तिघींना कुठं शिकलात विचारलं, पण कुणाकडून, हे विचारलं नव्हतं. शाळेतल्या पोरांना जो प्रश्न नीट विचारा म्हणून मी रागावते, तोच प्रश्न.

मला हसावं की रडावं कळेना आणि दोन्ही झालं. मामी माझ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, जणू पेटी मी मोडली होती.

मग मी विचारलं, मूळ कशी होती? म्हणून दाखवाल? त्यांनी पुन्हा दाराकडे पाहिलं. फोन चालूच होता, त्यांना ते ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, माझ्या आईच्या भूपाळीत तिथं काहीच नव्हतं, नुसतं थांबायचं. लेकराला उठवायची भूपाळी आहे ना, ओळ तोडून त्या जागी लेकराला नावानं हाक मारायची आणि मग पुढं जायचं. म्हणजे कारागिरानं नळ्यावर ती जागा मुद्दाम मोकळी सोडली होती. मामांनी भरून टाकली ती मोडलेली नक्षी नव्हतीच.

लग्न होऊन आले तेव्हा घरात लेकरू कुठलं, मामी सांगत होत्या. मग कुणासाठी थांबायच्या? त्या हसल्या, ऐन पंचाहत्तरीतल्या त्या बाईचे कान लाल झाले. नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. सकाळी भूपाळी म्हणताना त्या जागी थांबून त्या मनातल्या मनात घ्यायच्या. दोनच महिने. पेटी दुरुस्त होऊन आल्यावर ती जागा राहिलीच नाही.

आणि मग त्यांनी ती भूपाळी मला मूळ चालीत म्हणून दाखवली. म्हातारा, थोडा कापणारा आवाज, पण काळजीपूर्वक. दुसऱ्या ओळीत थांबल्या. पुन्हा पुढं गेल्या. झाल्यावर मला म्हणाल्या, “मी हाय तंवर यांना सांगू नका. मी गेल्यावर तुमाला वाटलं तर सांगा.” तेवढ्यात मामा भजी घेऊन आले आणि आम्ही दोघी गरम भज्यांवर उगाच फुंकर घालत बसलो.

आता दोघांची गुपितं माझ्या पिशवीत होती आणि प्रत्येकानं दुसऱ्याला सांगू नका म्हणून बजावलं होतं. मी खरं सांगते, मोह झाला. जे माझ्या हाती लागलं होतं ते त्या खोट्या हरकतीपेक्षा कितीतरी मोठं होतं. गाणं पिढीतून पिढीत कसं जातं, कसं बदलतं, आणि बदलतं तेव्हा त्यामागं काय असतं, याचा असा धडधडीत दाखला कुठल्या अभ्यासकाला मिळतो? आठवडाभर मी ते प्रकरण नव्यानं लिहितही होते, नावं गाळून, गल्ली गाळून. पण सोलापुरात अशी पेटी कितीशी असणार? मामांच्या मुलानं दोन ओळी वाचून ओळखलं असतं. पन्नास वर्षं दोन माणसांनी एकमेकांना जे कळू दिलं नाही, ते माझ्या नावापुढं डॉक्टर लागावं म्हणून कळवायचं, हे मला जमेना.

मी ते अख्खं प्रकरण काढून टाकलं. पुण्याच्या बाई फोनवर भयंकर चिडल्या. कारण विचारलं. मी म्हटलं, पुरावा भरवशाचा नाही. यंत्रावर नंतर हात फिरला आहे. हे खरं होतं, आणि त्याहून जास्त खोटं मी आयुष्यात बोलले नसेन. प्रबंध एक वर्ष लांबला. दुसऱ्या कशावर तरी, बऱ्यापैकी कंटाळवाणा, पूर्ण केला. मिस्ड कॉल येतच होते. मी जातच होते, आता रेकॉर्डिंगशिवाय. लाइट गेली की मामा चावी द्यायचे, मामी पेटीच्या लाकडावर हात ठेवून बसायच्या, कारण कानापेक्षा त्यांना हातानं जास्त ऐकू यायचं, आणि पेटीबरोबर म्हणायच्या. त्या जागी आल्या की मामा माझ्याकडे चोरून पाहायचे, आणि मामीसुद्धा. मी दोघांकडेही न पाहता भाकरी मोडायचे.

मामी गेल्या हिवाळ्यात गेल्या. फार आजारी न पडता, आठ-दहा दिवसांत. मी भेटायला गेले तेव्हा गर्दी होती, मामा भिंतीला टेकून बसले होते, ओळखलं एवढंच. मग तीन महिने मिस्ड कॉल आला नाही. लाइट कितीदा तरी गेली असेल.

मार्चमध्ये एका दुपारी आला. मी गेले तर पेटी पुढ्यात होती, पण चावी दिलेली नव्हती. मामा म्हणाले, वाजवली होती एकदा, पण ती बरोबर म्हणायला नाही तर नुसतं ऐकवत नाही. मग पितळेवरून बोट फिरवत राहिले. म्हणाले, एक मात्र समाधान आहे, काटे मी बरोबर बसवले होते. तुम्हाला उगाच मी चुकलो म्हणून सांगितलं. चुकलं असतं तर ती इतकी वर्षं तसंच कशी म्हणाली असती? ती तर आईकडून शिकून आलेली.

मामींनी मला मोकळीक दिली होती. तरी माझी जीभ उचलेना. या माणसाचं एवढंच समाधान उरलं होतं आणि ते काढून घेणारी मी कोण? मग वाटलं, त्याच्या बदल्यात द्यायला माझ्याकडे जे आहे ते त्यांचंच आहे. माझ्या फोनमध्ये ठेवून मी त्याचं काय करू? मी सांगितलं. करंडा, पदराची गाठ, दुसऱ्या दिवशीची सकाळ, सगळं. मामांनी उठून देवघराच्या फळीवर हात घातला. करंडा तिथंच होता. उघडून पाहिला, एक काटा बोटावर घेतला, उजेडात धरला.

“म्हंजे ठावं व्हतं तिला,” ते म्हणाले.

मी म्हटलं, हो. आणि त्यांनी मूळ चालीत म्हटलेली आहे माझ्याकडे.

फोन मी त्यांच्या मांडीवर ठेवला. गल्ली एकदम शांत होती. मामींचा आवाज आला, कापणारा, काळजीपूर्वक. पहिली ओळ झाली. मामा डोळे मिटून, ओठ हलवत बरोबर म्हणत होते. दुसरी ओळ अर्ध्यावर आली आणि मामांचे ओठ सवयीनं वरच्या सुराकडे निघाले, पण मामी थांबल्या होत्या. आणि त्या मोकळ्या जागी, हसू दाबत, अगदी हळू पण स्पष्ट, मामींनी मामांचं नाव घेतलं.

मामांनी डोळे उघडले. भूपाळी पुढं गेली, संपली. लग्नात उखाण्यात नाव घेतलं होतं तेवढंच, मामा म्हणाले, त्याच्यापुढं कधी घेतलं नाही तिनं. मग शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि फोन माझ्यापुढं धरला.

“पुन्यांदा लावा की, बाई. लाइट यायच्या आत.”